सॅलडचं नाव, कोशिंबिरीचं काम

नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावर कांदा-लिंबू मागावं लागत नाही. ते आपसूक येतं आणि बिलात दिसत नाही. त्याच कांद्याच्या, काकडीच्या, टोमॅटोच्या चकत्या बशीत गोल मांडल्या की मेन्यूकार्डावर त्यांचं 'ग्रीन सॅलड' होतं आणि पैसे पडतात. नावाला किंमत असते ती अशी.

जगातली नामांकित सॅलडं तर माणसांची नाहीतर हॉटेलांची नावं मिरवतात. 'सीझर' सॅलडचा रोमच्या सीझरशी काही संबंध नाही. मेक्सिकोतल्या तिहुआनात हॉटेल चालवणाऱ्या सीझर कार्दिनी या इटालियन गृहस्थाने 1924 मध्ये ते केलं, असं सांगतात. 'वॉल्डॉर्फ' हे न्यूयॉर्कचं हॉटेल. आपण ज्याला रशियन सॅलड म्हणतो, त्याला खुद्द रशियात मॉस्कोच्या ऑलिविए या आचाऱ्याच्या नावाने ओळखतात. नाव कुणाचं ठेवायचं हे एक ठरवतो, वापरायचं कसं हे बाकीचे. नगरकरांना हे नव्याने सांगायला नको. 2024 मध्ये जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. पाटी बदलली, पण अहमद निजामशहा आणि अहिल्यादेवी या दोघांच्याही नावांपुढचं 'नगर' बोलण्यात होतं तसंच आहे.

कोशिंबिरीला असा कुणी मानकरी नाही. ती काकडीची असते, गाजराची असते, उकडलेल्या बिटाचीही असते. म्हणजे कच्चेपणा ही तिची अट नाही. दही हवंच असंही नाही. दाण्याच्या कुटावर भागतं. तिची खरी ओळख ताटातल्या जागेवरून होते: डावी बाजू, चटणी-लोणच्याच्या शेजारी. सीझर सॅलड खाऊन लोक जेवण झालं म्हणतात. 'पोटभर कोशिंबीर खाल्ली' असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. तिचं नाव पदार्थापेक्षा कामगिरी सांगतं.

आणि ती कामगिरी सोपी नाही. काकडी डाव्या हातात धरून सुरीने चोचवायची, पाणी पिळायचं, कूट, मिरची, चिमूटभर साखर घालून वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्यायची. मीठ मात्र पानं वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काकडीच्या वाणांना 'हिमांगी', 'फुले शुभांगी' अशी नावं दिली. वाणाला बाईचं नाव मिळालं. चोचवणारीचं मात्र कुठे नोंदलं गेलं नाही.

कुणाचं नाव नसल्याने कोशिंबिरीवर कुणाची मालकी आली नाही. कृती घरोघरी बदलत गेली आणि 'अस्सल कोणती' हा वादही फारसा झाला नाही, हा मोठाच फायदा. पण नाव नाही म्हणून श्रमही दिसेनासे झाले. पदार्थाला कुणाचं नाव चिकटवायची गरज नाही. आमटीच्या चवीची चौकशी होते, तशी 'कोशिंबीर कुणी केली?' एवढी झाली तरी पुरे.