पायाची भेग

घर विकण्यापूर्वीं भिंतीवरील भेग गिलाव्यानें बुजविणें हें असत्य होय काय? आपण तर शब्दानेंही खोटें बोललों नाहीं, असा युक्तिवाद येथें हटकून पुढें येतो. आमचें सोलापुराकडील वडिलार्जित घर काळ्या जमिनीवर आहे. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसते. मग उथळ पाया एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे खचतो, आणि भिंत कोपऱ्यापासून तिरपी तडकते. नुसता चुना भरला तर पुढच्या आषाढांत भेग पुन्हां तोंड काढते.

भेग अजून चालती आहे कीं थांबली आहे, हें पाहण्यास जाणते लोक तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवितात. भिंत हलली कीं काच फुटते. आम्हींही चैत्राच्या अखेरीस ती बसविली. पंधरा दिवसांनीं घेणारा आला, तेव्हां ती अखंड होती; ती दाखवून किंमत ठरविण्याचा मोह आम्हांस झाला, हें कबूल केलें पाहिजे. येथेंही आम्ही एक शब्द खोटा बोलणार नव्हतों! परंतु त्या काचेनें पावसाचा एक थेंबही पाहिला नव्हता.

घेणाऱ्यास आम्हीं दिवाळीनंतर येण्यास सांगितलें आहे. तोंवर पन्हळीचें पाणी पायापासून दूर नेण्याचें काम चाललें आहे.