साठीनंतरची पाटी



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त काका प्रवेशअर्ज घेऊन आमच्याकडे आले. त्यांना बी.ए. करायचे होते. आम्ही सहज हसत विचारले, "काका, आता या वयात पदवीचा काय उपयोग?" काका काहीच बोलले नाहीत. अर्जाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. ती घडी आमच्या मनातून जात नाही.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील कितीतरी मुलांनी दप्तर ठेवून आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली. काका त्यांतलेच. पुढे नोकरी सांभाळून त्यांनी बारावी केली. पण संसार आणि मुलांची फी यांत कॉलेज राहून गेले. अशा माणसाला 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण गप्प बसवायचे का?

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते अशा राहून गेलेल्यांचाही विचार करूनच. घरी अभ्यास करावा, अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन घ्यावे आणि परीक्षा द्यावी. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हा साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून बाराखडी गिरवू लागल्या. त्यांना कोणती बढती मिळणार होती?

निकदेम हा इस्राएलचा गुरू. तरी रात्रीच्या वेळी तो प्रभू येशूकडे शिकायला आला. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा जन्म कसा घ्यावा, हा त्याचा प्रश्न होता. प्रभूने त्याचे वय काढले नाही. त्याला जवळ बसवून नव्या जन्माचे रहस्य सांगितले. संत इग्नेशियस लोयोला तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचे धडे शिकले आणि १५३५ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पॅरिस विद्यापीठाचे पदवीधर झाले.

वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, हा कांट या तत्त्वज्ञाचा विचार आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. परीक्षेत तो लिहिला, पण काकांसमोर विसरलो. उपयोग अवजाराचा विचारावा. देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाचा नव्हे. देवाने दिलेली बुद्धी निवृत्त होत नाही. ती वापरणे हीदेखील उपासनाच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. अर्ज खिशातच होता. तो आम्ही दोघांनी मिळून भरला.

तुमच्याही घरात असा घडी घातलेला एखादा अर्ज असेल. मुलांनो, नातवंडांनो, तो उलगडा. आजी-आजोबांना कोपऱ्यात एक टेबल द्या, दिवा द्या, संध्याकाळी तासभर टीव्हीचा आवाज कमी करा. आणि आमच्यासारखे हसू नका.

हे प्रभो, आमच्या वडीलधाऱ्यांची राहून गेलेली इच्छा ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.