दुसऱ्याचं इंजिन

मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. या गाडीचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. रस्त्यावर मात्र ती अजून दिसते. असं इंजिन कधीतरी निळा धूर सोडू लागतं, ऑइल पिऊ लागतं, चढावर दम टाकतं. मग मेकॅनिक मालकापुढे दोन वाटा ठेवतो. बाजारातून जुनं, चालू स्थितीतलं इंजिन आणून बसवायचं. नाहीतर आहे तेच खोलून पुन्हा बांधायचं. निर्णय बहुतेक वेळा पैशांवर होतो. पण त्यात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे, आणि वरवर दिसतो तो तो नव्हे.

वरवर दिसणारा प्रश्न श्रमाचा आहे. जो स्वतः हात काळे करतो तो वस्तूशी प्रामाणिक, आणि जो तयार माल आणतो तो आळशी, असं आपण सहज मानतो. रॉबर्ट पिर्सिगचं मोटरसायकलवरचं पुस्तक १९७४ साली आलं, तेव्हापासून सुशिक्षित वाचकाला ही भूमिका फार भावते. पण टॅक्सीवर घर चालवणाऱ्याला विचारा. बांधणीत गाडी अनेक दिवस उभी राहते, आणि उभ्या गाडीचं भाडं कुणी देत नाही. जुनं इंजिन एक-दोन दिवसांत बसतं. ज्याच्याकडे मोकळा रविवार, झाकलेली जागा आणि दुसरी गाडी आहे, त्याने आपल्या सवडीला सद्गुण म्हणू नये.

शिवाय ‘स्वतः’ या शब्दात किती माणसं मावतात तेही पाहावं. इंजिन उतरवणं, हेड काढणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं घरी जमेल. बोअर मारायला ब्लॉक लेथवाल्याकडेच जातो, क्रँक ग्राइंडिंगलाही जातो. स्वतः बांधलेल्या इंजिनातही परक्या हातांवरचा विश्वास असतोच. फरक एवढाच की ते हात कुणाचे हे आपल्याला ठाऊक असतं.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला सरासरी भाव देतो, आणि त्या भावात चांगला माल विकणं परवडत नसल्याने तो बाजारातून निघून जातो. सुट्या इंजिनाला हे जास्तच लागू पडतं. गाडीला निदान मीटर असतो, सर्व्हिसची वही असते. जमिनीवर टायरात ठेवलेल्या इंजिनाला भूतकाळच नसतो. कॉम्प्रेशन तपासता येतं, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय आहे का ते बघता येतं; पण जाड ऑइल भरून धूर काही काळ लपवताही येतो.

आणि भूतकाळ नसणं कधीकधी मुद्दाम घडवलेलं असतं. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या तुकडे होऊन विकल्या जात; २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बाजार बंद केला. तिथून स्वस्तात इंजिन नेणारा प्रत्येक जण चोर नव्हता. त्याने फक्त विचारलं नव्हतं. न विचारण्याची किंमत मात्र भलत्याच माणसाने मोजली होती, ज्याची गाडी सकाळी दारात नव्हती.

म्हणून बांधणी निष्पाप ठरते का? तसंही नाही. झिजून लंबगोल झालेलं सिलिंडर गोल करायचं तर धातू खरवडावा लागतो, मग ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो. हे एक-दोनदा चालतं. पुढे लायनर ठोकावा लागतो. म्हणजे दुरुस्ती वस्तू पूर्ववत करत नाही, तिच्या शिल्लकीतून खर्च करते. आणि अपघातात पुढून चेपलेल्या नव्हे, मागून चिरडलेल्या गाडीचं शाबूत इंजिन भंगारातून वाचवणं, हीसुद्धा वस्तूची कदरच आहे.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं की रथ म्हणजे नेमकं काय: आस, चाकं की जू? राजाला कुठल्याही एका भागाकडे बोट दाखवता आलं नाही. आरटीओला मात्र उत्तर लागतं, म्हणून नोंदणीच्या कागदावर चॅसीचा नंबर असतो आणि इंजिनाचाही. इंजिन बदललं तर मंजुरी घेऊन ती नोंद बदलावी लागते. अनेकांना ही नुसती कटकट वाटते. पण या नंबरांना गाडीच्या आत्म्याशी देणंघेणं नाही. उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं, एवढंच त्यांना माहीत असतं.

माझ्या मते निवड इथे ठरते. विकत घेणं किंवा बांधणं, यातलं काहीच मुळात चांगलं-वाईट नाही. प्रत्येक जुन्या यंत्रात थोडं अज्ञान असतं, आणि ते आपण स्वतः सोसतो की गुपचूप पुढच्याच्या गळ्यात मारतो, हे महत्त्वाचं. ‘इंजिन नुकतंच बांधलंय’ हे वाक्य विकणारे सर्रास म्हणतात. त्यासोबत लेथवाल्याचं बिल, बोअरचं माप आणि पिस्टनचा साइज लिहिलेला कागद क्वचितच मिळतो. बाहेरून आणलेलं इंजिन असेल तर ते कुठून आलं, कधी बसवलं, कागदावर चढवलं का, हेही कुणी सांगत नाही. सांगितलं तर गाडीला काही हजार कमी येतील. ते हजार आपले नव्हतेच, असं ज्याला वाटतं त्याने कुठलंही इंजिन खुशाल बसवावं.