खऱ्या पानांची सायकल

मुक्ता सातवी पास झाली आणि गावची शाळा संपली. आठवीसाठी आता वाईला जायचं, म्हणजे चार किलोमीटर जाणं आणि चार किलोमीटर येणं. एसटी होती, पण ती गावात यायची तेव्हा वाईत पहिला तास सुरू झालेला असायचा. वडील म्हणाले, "उसाचं बिल आलं की सायकल बघू." उसाचं बिल येतं कधी आणि कुठल्या देण्यात जिरतं, हे तेरा वर्षांच्या मुक्तालाही ठाऊक होतं.

एक दिवस शाळा सुटल्यावर ती सायकलवाल्या तात्यांच्या दुकानात गेली. नवी सायकल साडेपाच हजारांच्या पुढे होती. कोपऱ्यात एक लाल सायकल होती, वापरलेली पण धडधाकट. तिचे तात्यांनी तीन हजार सांगितले.

"तात्या, मला कामाला ठेवा. शाळा सुटल्यावर येईन, पंक्चर काढायला शिकेन. पगारातून सायकलीचे पैसे कापून घ्या."

तात्यांनी हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले त्या जागेवर बोट ठेवलं आणि मगच मान वर केली. "पोरी, बालकामगारांचा कायदा १९८६ चा, पण २०१६ साली तो चांगलाच कडक झाला. चौदाच्या आतलं लेकरू आता कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, आणि ते बरंच झालं. पण शाळा सांभाळून घरच्या धंद्याला हातभार लावायला कायद्याची ना नाही. तुझी आज्जी बाजारात बसते ना?"

मुक्ताचा चेहरा उतरलेला बघून ते पुढं म्हणाले, "याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' म्हणत किती गरिबांची पोरं तिथं शिकली! माझे वडील त्यांतलेच. शेतात राबून मॅट्रिक झाले. कमवायला कुणी ठेवून घ्यावंच लागतं असं नाही. लोकांची नड कुठं आहे ते बघ."

मुक्ताची आज्जी वाईत ढोल्या गणपतीच्या वाटेवर पाटी घेऊन बसायची. रोज फुलं, सणाला पत्री. पुढच्या रविवारपासून मुक्ता तिच्याशेजारी बसू लागली आणि गिऱ्हाइकांचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. हरतालिका आणि गणेश चतुर्थी जवळ आली तशी एकच गोष्ट तिच्या कानावर पुन्हा पुन्हा पडू लागली. "आजी, यातली शमी कुठली? आघाडा कुठला? माका कसा ओळखायचा?" आज्जी प्रत्येकीला दाखवायची, पण गर्दी वाढली की आज्जीलाही ते जमेना.

मुक्ताने वहीची पानं फाडली. दूर्वा, शमी, आघाडा, माका, बेल, डोरली, रुई, डाळिंब, कण्हेर, मारवा, असं जे जे पाटीत होतं त्याच्या चिमुकल्या जुड्या बांधल्या आणि प्रत्येक जुडीच्या दोऱ्यात नावाची चिठ्ठी अडकवली. दूर्वा तीन पात्यांच्या, कोवळ्या, मोजून एकवीस. पूजेत एकवीस पत्री सांगितल्या आहेत, त्यांतल्या देवदारासारख्या काही इथं मिळत नाहीत. म्हणून वर एक मोठी चिठ्ठी होती : यात कोणती पानं आहेत आणि कोणती मिळाली नाहीत. बायका थांबून वाचायच्या, हसायच्या आणि पत्री घेऊन जायच्या. गौरी आल्या तेव्हा त्यांतल्याच कितीतरी जणी "ती चिठ्ठीवाली मुलगी कुठं बसते?" असं विचारत तेरडा घ्यायला आल्या.

आज्जीने नातीचा वाटा ठरवून टाकला. हरतालिका-गणपतीचे नऊशे, गौरींचे चारशे, नवरात्रातल्या फुलांचे साडेसहाशे. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं, हे शाळेत सांगितलं होतं. पहिले पाचशे हाती येताच मुक्ताने ते उघडलं होतं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी पासबुकात एक हजार नऊशे पन्नास रुपये होते.

त्या संध्याकाळी चुलतभाऊ टेम्पो घेऊन दारात आला. मागं फांद्यांचा ढीग.

"मुक्ते, हे घे सोनं. गठ्ठे बांध आणि वीक. दीड हजार कुठं गेले नाहीत. लाल सायकल घरात आलीच म्हणून समज."

मुक्ताने एक पान हातात घेतलं. मधोमध चीर, दोन जोडलेले भाग, आकार थेट आपट्याचाच. पण पान मोठं होतं आणि बोटाला मऊ लागत होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, चरचरीत.

"दादा, हा कांचन आहे."

"आगं, कोण बघतंय? अर्धं गाव कांचनच वाटतंय सोनं म्हणून. दुसऱ्या दिवशी कचऱ्यातच जायचं ना?"

मुक्ता रात्री अंथरुणावर पडली, पण डोळ्यांसमोरून लाल सायकल हलेना. शेवटी तिने आज्जीला विचारलं. आज्जीने विकू नको म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी तिथं तीस वर्सं बसते. ती जागा माज्या नावावर न्हाई, पाटीबी वीतभर. तरी बाया चार पाट्या ओलांडून माज्याकडं येत्यात. का येत्यात, त्ये तू इचार कर."

सकाळी मुक्ता बांधावरच्या आपट्याकडं गेली. फांदी एकही न तोडता हाताला येतील तेवढी पानं खुडली, कारण झाड पुढच्या दसऱ्यालाही हवं होतं. पानं अर्धी पाटीही भरली नाहीत. कांचनाच्या फांद्या तिने दादाला परत नेऊ दिल्या. शेजारच्या पाट्यांवर कांचनाचे हिरवेगार भारे रचलेले होते, स्वस्तही होते. मुक्ताने चिठ्ठी लावली : आपटा, पानं थोडी आहेत. कुणी "एवढंसंच?" म्हणून पुढं गेलं. कुणी थांबलं, पान चुरून बघितलं आणि घेतलं. दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. आपटा आणि झेंडू मिळून तिच्या वाट्याला साडेपाचशे आले.

लाल सायकल आवाक्याबाहेर राहिली. पोस्टात पाचशे शिल्लक ठेवायचे, म्हणजे हातात उरले दोन हजार. मुक्ताने ते तात्यांसमोर ठेवले आणि दसऱ्याची गोष्ट जशी घडली तशी सांगितली.

तात्यांनी आतून एक काळी, गंजलेली सायकल बाहेर काढली. "तेराशेला ही. वर सातशेत ओव्हरऑइलिंग : छरे, चेन, ब्रेकचे रबर, मागचा टायर. भाव सगळ्यांना आहे तोच, पै कमी नाही. तू फुकट घेणारी नाहीस, ते मला कळलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "पण काम तुझ्यासमोर करतो. बघून ठेव, म्हणजे पुढं कुणापुढं हात पसरावा लागणार नाही."

त्या दुपारी मुक्ताने पाहिलं की एक्सल उघडतो कसा, छरे ग्रीसमध्ये बसतात कसे, स्पोक आवळला की डुगडुगणारं चाक सरळ होतं कसं. सोमवारी ती सायकलवरून शाळेत गेली. आठवड्याभरात गावातल्या तिघी मैत्रिणींनी तिला विचारलं, "आम्हाला पण सांग ना, पैसे कसे जमवलेस?" मुक्ताने त्यांना आधी नड शोधायला सांगितलं, मग मोजून द्यायला आणि जे नाही ते नाही म्हणायला. पुढच्या गणपतीत त्या चौघींनी मिळून, घरच्यांना धरून, पत्रीच्या जुड्या बांधायचं ठरवलं.

तात्पर्य : लोकांची नड ओळखणाऱ्याला काम मिळतं आणि खरं तेच देणाऱ्याला पुन्हा पुन्हा मिळतं. खोट्या मालाने एखादी वस्तू लवकर घरात येईल, पण जिच्यावर पुढची सारी कमाई उभी राहायची ती पत त्याच दिवशी संपते. लहान वयात हे ज्याला कळलं, त्याला पैसा कमवायचा कसा हे वेगळं शिकवावं लागत नाही.