खर्जाची जागा

घरांत एखादी वस्तु कोठें ठेवावी हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, असें कोणी म्हणाल्यास त्याची थट्टाच होईल. देव्हारा पूर्वेस असावा कीं ईशान्येस, ह्यावर वाद होतात खरे. पण ते श्रद्धेचे. कपाट कोठें, पलंग कोठें, हें सोयीनें ठरतें. तथापि अलीकडे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत एक अशी पेटी आली आहे कीं, तिची जागा ठरविणें म्हणजे आपल्या सुखाची सीमा ठरविणेंच होय. ही पेटी म्हणजे सबवूफर. घरच्या घरीं चित्रपटगृहाचा आनंद देणारें जें होम थिएटर, त्याचा अगदीं तळाचा आवाज तिच्याकडे असतो. मेघगर्जना, तोफ, डग्ग्याची घुमक, ह्या सर्वांचा खर्ज ती एकटी वाहते.

तिचा पहिला गुण असा कीं, ती कोठें आहे हें कानास कळत नाहीं. सुमारें ८० हर्ट्झच्या खालील ध्वनीची दिशा बंद खोलींत ओळखणें मनुष्यास जवळजवळ अशक्य असतें. म्हणून विक्रेते सांगतात, ‘कोठेंही ठेवा.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. दिशा कळत नाहीं; परिणाम मात्र जागेजागेस बदलतो, आणि विलक्षण बदलतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर. तेव्हां ३४ हर्ट्झच्या लाटेची लांबी दहा मीटर भरते. शहरांतील फ्लॅटचा दिवाणखाना पांच मीटर लांब असला तर त्यांत ह्या लाटेचा बरोबर अर्धा भाग मावतो. ती दोन भिंतींमध्यें उलटसुलट परततांना स्वतःवरच आरूढ होते व खोलींत जणूं स्थिर उभी राहते. भिंतीपाशीं तिचा दाब सर्वांत अधिक, मध्यावर जवळजवळ शून्य. त्यामुळें भिंतीस लागून असलेल्या सोफ्यावरील गृहस्थ त्या स्वरानें हादरून जातो, आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्या त्याच्या आईस तो ऐकूंच येत नाहीं. साडेतीन मीटर रुंदीचा असाच एक स्वर ४९ हर्ट्झचा. उंचीचा आणखी निराळा. घरांतील मंडळी एकच चित्रपट पाहतात, पण प्रत्येकाच्या वांट्यास निराळा गडगडाट येतो.

कोपऱ्यांत ठेवलेली पेटी ह्या साऱ्या उभ्या लाटांस एकदम जागें करते. आवाज भरपूर मिळतो, पण ओबडधोबड. थोड्या खर्चांत पुष्कळ मिळविण्याचा हा मार्ग असल्यामुळें बहुतेक पेट्या कोपऱ्यांतच आढळतात, ह्यांत नवल नाहीं.

चांगली जागा शोधण्याची जी युक्ति जाणकार सांगतात, ती मात्र मला फार अर्थपूर्ण वाटते. पेटी उचलून आपल्या बसावयाच्या जागीं, सोफ्यावरच, ठेवावयाची. तिच्यांतून खर्जाचा एखादा परिचित तुकडा वाजवावयाचा. आणि स्वतः हात व गुडघे टेकून भिंतीच्या कडेकडेनें रांगत जावयाचें. जेथें तो खर्ज सम व स्वच्छ ऐकूं येईल, तेथें पेटी न्यावयाची. ह्यांत जादू नाहीं. ध्वनि देणारा व घेणारा ह्यांनीं जागांची अदलाबदल केली तरी दोहोंमधील संबंध बदलत नाहीं, हा परस्परतेचा नियम एकोणिसाव्या शतकांत हेल्महोल्ट्झनें मांडला, आणि रॅले ह्याच्या ध्वनिशास्त्रावरील १८७७-७८ च्या ग्रंथांत तो व्यापक स्वरूपांत आला. दुसऱ्याच्या जागीं स्वतःस ठेवून पाहा, हा उपदेश आपण इतक्या वेळां ऐकतों कीं तो गुळगुळीत होऊन गेला आहे. येथें तो शब्दशः, गुडघे टेकून पाळावा लागतो. आणि पाळल्याचें फळ मात्र सर्वस्वी स्वतःच्याच पदरांत पडतें! त्यामुळेंच मला त्याविषयीं थोडी शंका येते.

कारण पेटी ज्या एका आसनावर ठेवली, त्याच आसनास न्याय मिळतो. खुर्चीवरच्या आईचें काय? टॉड वेल्टी ह्या अमेरिकन संशोधकानें २००२ सालच्या आपल्या निबंधांत प्रश्नच बदलला. एका आसनास उत्तम काय हें न विचारतां, निरनिराळ्या आसनांवरील ध्वनींत कमींत कमी फरक कसा राहील, हें त्यानें विचारलें. आयताकृति खोलींत चार भिंतींच्या मध्यांवर चार पेट्या ठेवल्यास हें उत्तम साधतें. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवर दोनच ठेवल्या तरी त्याच्या बरेंच जवळ जातां येतें. त्यापुढें संख्या वाढवून फारसें कांहीं मिळत नाहीं. यंत्रानें स्वर दुरुस्त करण्याची सोय आज आहेच, पण मुळांतले फरक मोठे असतांना एका आसनाची दुरुस्ती ही दुसऱ्याची मोडतोड ठरते. आधीं समता, मग सुधारणा. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हा निष्कर्ष आला असता तर केवढें रण माजलें असतें!

परंतु ही समता भिंतीपाशीं थांबते, आणि खर्ज थांबत नाहीं. स्वर जितका खालचा तितका भिंतीचा अडथळा दुबळा. कंपनसंख्या निम्मी झाली कीं भिंतीचा बचाव ढोबळ मानानें सहा डेसिबलांनीं घटतो. म्हणून संवाद खोलींतच राहतात, गाणें दारापर्यंत जातें, आणि गडगडाट तेवढा खालच्या मजल्यावर उतरतो. शेजाऱ्यास कथानक नाहीं, नायिकेचा शब्द नाहीं. त्याच्या वांट्यास फक्त युद्ध. त्यानें कायद्याकडे धांवावें, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी विभागास दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहा ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली. पण हे डेसिबल ज्या ‘ए’ मापानें मोजतात, तें ३१.५ हर्ट्झच्या स्वरांतून सुमारें ३९ डेसिबल वजा करतें. खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या उशापर्यंत पोंचणारा ८४ डेसिबलांचा असा स्वर मापकावर ४५ दिसतो. ‘मी नियमांत आहें’ असें सांगणारा वरचा गृहस्थ खोटें बोलत नसतो. आणि नेमकी हीच अडचण आहे.

पेटी घेऊंच नये, हें उत्तर मला पटत नाहीं. पायांखालीं रबर घालावें, तर लादींतून उतरणारा कंप थोडा अडतो, हवेंतून जाणारा नाहीं. त्यापेक्षां पेटी कोपऱ्यांतून काढून आपल्या आसनाच्या अगदीं पाठीशीं आणावी; अंतर घटल्यामुळें तोच परिणाम पुष्कळ कमी आवाजांत मिळतो. मात्र असें केल्यानें आईच्या खुर्चीवर पुन्हां अन्याय होतो. घरांतील समता आणि शेजाऱ्याची झोंप ह्यांत येथें खरोखरच निवड करावी लागते. माझा कौल शेजाऱ्याकडे आहे. आईस उठून सोफ्यावर बसतां येतें. शेजाऱ्यास घर बदलतां येत नाहीं.

शिवाय परस्परतेचा नियम मजल्याची लादी ओळखत नाहीं. पेटी शेजाऱ्याच्या खाटेवर ठेवून वाजवावी, आणि आपण वर आपल्या दिवाणखान्यांत रांगत रांगत, जेथें ती सर्वांत कमी ऐकूं येईल ती जागा शोधावी. हवेच्या ध्वनीपुरतें तरी ह्या प्रयोगांत शास्त्रदृष्ट्या कांहीं खोट नाहीं. मात्र त्यासाठीं जिना उतरून खालच्या दाराची घंटा वाजवावी लागते, आपला हेतु सांगावा लागतो. आणि पेटी चांगली वजनदार असल्यास ती खाटेवर चढवितांना बहुधा शेजाऱ्याचाच हात घ्यावा लागतो.