दया आणि दस्तुरी

धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत न्यासांचे हिशेब तपासण्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले मामा, आणि ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या एका संस्थेत रुग्णांची आवाहने लिहिणारा त्यांचा भाचा.

भाचा : मामा, हसऱ्या मुलाच्या छायाचित्राला देणग्या येत नाहीत, नाकात नळी घातलेल्याला येतात, म्हणून आईकडून तेच मागवावे लागते. हे अनुचित का?

मामा : आधी हे सांग, ज्यासाठी या देणग्या हव्यात ते औषध कोणते?

भाचा : झोल्गेन्स्मा, स्नायू निकामी करणाऱ्या एसएमए या आनुवंशिक विकारावरचे. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हाच किंमत 21 लाख डॉलरांच्या वर. दुर्मीळ आजारांसाठी आपल्याकडील सरकारी साहाय्य मात्र 50 लाख रुपयांपर्यंतच, आणि उरलेल्या रकमेसाठी खुद्द सरकारनेच देणग्यांचे पोर्टल उघडले आहे.

मामा : सरकारनेच झोळी पुढे केल्यावर त्या माउलीने पदर पसरला, तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला? परंतु ते मूल वाचून मोठे झाले, आणि ज्या अवस्थेत त्याला कोणी पाहू नये अशी त्याची इच्छा असेल तीच अवस्था जगापुढे तशीच राहिली, तर त्याची संमती कोणी घेतली होती?

भाचा : संमती घ्यायला मूल आधी जगले पाहिजे, मामा.

मामा : कबूल. निधी पुरा होताच छायाचित्र उतरवता ना?

भाचा : नाही. यशाची कहाणी म्हणून ठेवतो.

मामा : मग तेथे दया संपली आणि जाहिरात सुरू झाली! बरे, तुमची दस्तुरी?

भाचा : शुल्क शून्य. फक्त देणगीच्या खाली ‘टिप’चा आकडा आधीच भरलेला असतो, नको असल्यास दात्याने तो काढावा.

मामा : म्हणजे ज्याचे डोळे पाणावलेले आहेत, त्यानेच बारीक अक्षरे वाचावीत! संस्था चालवायला खर्च येतो, तो उघड मागा. त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांचा आजार छायाचित्रात दिसतच नाही, त्यांचे काय?

भाचा : त्यांची आवाहने तळाशी राहतात.

मामा : त्यांना निदान एवढे तरी सांगा, की महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम 41 अअ. तेथे शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, छायाचित्रातली नळी लागत नाही.