मांडे, तूप आणि करदोडा

आळंदीला बाहेरगावची माणसं बहुतेक दोन कामांसाठी येतात: समाधीच्या दर्शनाला किंवा लग्नाला. ज्ञानदेवांनी 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला जिथे समाधी घेतली, त्या मंदिराच्या आसपास इतकी मंगल कार्यालयं आहेत, की लग्नसराईत एका हॉलमधल्या 'शुभमंगल सावधान'ला शेजारच्या हॉलमधल्या अक्षता पडाव्यात. घरच्यांचा विरोध पत्करून आलेली जोडपीही इथेच बोहल्यावर चढतात. विरक्तीच्या गावात संसाराचा हा एवढा बाजार, म्हणून पाहुणे हसतात. पण हसण्याआधी आळंदीची गोष्ट सुरू कुठून होते ते आठवावं. ती सुरू होते संन्यास घेऊन परत घरी आलेल्या एका माणसापासून.

आपेगावचे विठ्ठलपंत हे आळंदीच्या सिधोपंतांचे जावई. मन संसारात रमेना म्हणून काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला. मागे बायको आहे हे गुरूंना कळलं तेव्हा त्यांनी त्यांना माघारी धाडलं. विठ्ठलपंत परतले, रुक्मिणीबाईंचा संसार पुन्हा सुरू झाला, ज्ञानदेव आणि मुक्ताई धरून चार मुलं झाली. गावाने त्यांना वाळीत टाकलं. संन्यास घेतला म्हणून कुणाचं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते घरी परतल्यामुळे, चूल पेटवल्यामुळे. म्हणून या वारकरी परंपरेकडे मी नेहमी थोडं उलट्या बाजूने बघतो. वारकरी म्हटलं की आपल्याला वैराग्य आठवतं. पण तिच्या कथा एकापुढे एक ठेवून पाहिल्या तर त्या स्वयंपाकघरात, रस्त्यावरच्या कुत्र्यामागे आणि सोनाराच्या पेढीवर घडतात. रोजच्या लहानशा सुखाला कमी लेखणारी एकही कथा त्यांत मला सापडलेली नाही.

मांड्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकलेला, भावंडं पोरकी. अशा घरात मांडे करायचं ठरतं. मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला जाते आणि विसोबा चाटी कुंभारांना बजावून ठेवतो, या पोरीला खापर द्यायचं नाही. ती रडत घरी येते. ज्ञानदेव योगबळाने जठराग्नी पेटवतात, पाठ तापून लाल होते आणि मुक्ताई त्या पाठीवर मांडे भाजते.

या कथेतला चमत्कार बाजूला ठेवू. मला विसोबाची अक्कल जास्त विचार करायला लावते. त्याने पीठ अडवलं नाही, गूळ अडवला नाही, नेमकं खापर अडवलं. भाकरी कशावरही थापून भाजता येते, मांड्याला मात्र दुसरी सोय नाही. आमच्या इमारतीत अमळनेरकडचं एक कुटुंब राहतं. नवरा चाकणच्या एका कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करतो. त्याच्या बायकोने खापर माहेराहून एसटीने आणलं, मांडीवर ठेवून, वर चादर गुंडाळून. तिला मांडे करताना मी एकदा जवळून पाहिलं. कणीक इतकी मऊ तिंबलेली की परातीत ठेवली तरी पसरते. पुरणाचा उंडा भरून झाला की लाटण्याचं काम संपतं आणि हातांचं सुरू होतं. पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत, मनगटावर, मग कोपरापर्यंत ती वाढत जाते. अखेर दोन्ही हातांवर ओला पंचा वाळत घातल्यासारखी लोंबते. मग एका झटक्यात उपड्या खापराच्या घुमटावर. इथे क्षणाचा उशीर झाला तर भोक पडतं. लोखंडी तवा यासाठी लहान पडतो, सपाटही पडतो. म्हणजे दुसऱ्याचं सुख नेमकं कुठे मोडायचं हे कळायलाही स्वयंपाकाची जाण लागते, आणि विसोबाला ती होती.

आता भावांचं बघा. योगी भाऊ, वरून वाळीत टाकलेले. 'जाऊ दे मुक्ते, मांड्यांत काय आहे, जिभेचे चोचले' असं म्हणायला त्यांच्याइतका अधिकार कुणाला होता? कथेत तसं कुणीही म्हणत नाही. चांगदेव वाघावर बसून भेटीला आला तेव्हा ज्ञानदेवांनी भिंत चालवली. ती भिंत एका अहंकारी योग्यासाठी होती आणि तापलेली पाठ बहिणीच्या जेवणासाठी. कीर्तनकार दोन्ही चमत्कार सारख्याच आवाजात सांगतात, त्यात लहानमोठं करत नाहीत. पुढे परंपरा सांगते की हा प्रकार डोळ्यांनी पाहिल्यावर विसोबा वरमला, त्याने त्या घरातलं उष्टं खाल्लं, आणि तोच विसोबा खेचर होऊन नामदेवांचा गुरू झाला.

त्या नामदेवांचीच दुसरी गोष्ट. कुत्र्याने भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. आपल्याकडे तुपाचा दुसरा प्रसिद्ध सल्ला चार्वाकाच्या नावावर आहे: कर्ज काढा, पण तूप प्या. गंमत अशी, की तो श्लोक आपल्यापर्यंत आला तोही विरोधकांच्या ग्रंथांतून. त्याच्या तोंडी घातलेला असेल तर नवल नाही. सुखवादी म्हणून बदनाम झालेल्या ग्रीक एपिक्युरसचंही तसंच. त्याने मित्राला पत्र लिहून काय मागितलं, तर चीजचं लहानसं भांडं, म्हणजे मनात येईल तेव्हा चंगळ करता येईल! सुखाचे तत्त्वज्ञ प्रत्यक्षात बरेच काटकसरी निघतात. नामदेव मात्र त्यांच्याही पुढे गेले. त्यांच्या गोष्टीत तूप दुसऱ्याच्या तोंडचं आहे, आणि त्यातही सुख आहे हे त्यांना धावताना कळलेलं दिसतं.

माझ्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. त्याला फिरवायला नेतो असं मी म्हणतो. खरं तर रस्ता तो ठरवतो. देहूफाट्याकडे पहाटे कंपन्यांच्या बस लागलेल्या असतात, पहिल्या पाळीची माणसं डबा काखेत धरून धावत असतात, एखाद्या वारकरी संस्थेच्या खोलीतून पखवाजाचे बोल येत असतात. (जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून या गावाला पहाटे झोपायची मुभा नाही.) या घाईत फक्त कुत्रा असलेला माणूस दर खांबापाशी थांबू शकतो आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही. मोतीमुळे मला रात्रपाळी संपवून येणारा एक तरुण कळला. खोलीवर जायच्या आधी तो चौकातल्या कुत्र्यांना पार्ले-जीचा पुडा फोडून देतो. बिस्किटं कुत्र्यांना चांगली नाहीत हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'काका, माझ्याकडे तेवढंच असतं.'

याच कुत्र्यांवरून गृहनिर्माण सोसायट्यांत हाणामारीची वेळ येते, आणि दोन्ही बाजूंना मी वेगवेगळ्या दिवशी मनातून हो म्हटलेलं आहे. रात्री दोनला दुचाकीवरून येणाऱ्या कामगाराच्या मागे टोळी लागली की त्याला नामदेवांचं चरित्र सांगून उपयोग नसतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निदान कामाची रीत आखून दिली आहे: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा उचलला तिथेच सोडायचा, आणि त्याला खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायची. तूप घेऊन धावणाऱ्याने रेबीजच्या लशीचीही चौकशी करावी, एवढंच मी म्हणेन. तसा कुत्रा आपल्या देवांना परका नाही. दत्ताच्या पायाशी तो आहे, खंडोबाबरोबर तो आहे, आणि ज्ञानोबांची पालखी पंढरीच्या वाटेवर खंडोबाच्या जेजुरीत मुक्काम करतेच.

राहिले दागिने. नटणं हे सुख म्हणून कबूल करायला आपण जास्त लाजतो. जेवणाला पोटाचं निमित्त आहे, कुत्र्याला दयेचं; नथीला काय निमित्त सांगणार? पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा इथे उपयोगी पडते. ते कट्टर शैव, विठ्ठलाचं तोंडही न पाहणारे. एका सावकाराने नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याचा करदोडा घडवायला दिला. नरहरी देवळात जायला तयार नाहीत, म्हणून माप सावकाराने आणून दिलं. करदोडा बसेना. दुरुस्त केला, तरी बसेना. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते गाभाऱ्यात गेले. चाचपलं तर हाताला शंकराच्या खुणा लागल्या. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरी आणि हर एकच, हा निवाडा पंडितांच्या सभेत होऊ शकला असता. परंपरेने तो एका दागिन्याच्या मापावर सोपवला, आणि देवाला कमरेचा दागिना हवा असण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. आळंदीतही गुढीपाडव्याला समाधीवर चंदनउटी लावून रूप साकारतात तेव्हा लोक आधी 'काय देखणं केलंय' म्हणतात आणि मग हात जोडतात.

लग्नाच्या दिवसांत बाजारातून चक्कर मारली तर हे सुख उघड्यावर मांडलेलं दिसतं. मुंडावळ्या, दाबाच्या नथा, ठुशी, वन ग्रॅमचे हार, भाड्याने मिळणारे फेटे. कासाराच्या दुकानात हिरवा चुडा भरताना मी एक हात पाहिला. कासार मुलीची बोटं एकत्र मिटवतो, अंगठ्याच्या मुळाचं हाड आत दाबतो, बोलण्यात तिचं लक्ष दुसरीकडे नेतो आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. मुलगी पळून आलेली होती की वाजतगाजत, ते कळायला मार्ग नव्हता. हात उजेडात धरून ती तो उलटसुलट बघत होती. शेजारच्या दुकानात तुळशीच्या माळा. बारीक मणी, जाड मणी, चांदीची टोपणं लावलेले मणी. घेणारे चांगले निरखून, गळ्याला लावून, आरशात बघून घेतात. माळ घातली की मद्यमांस सुटतं, एकादशी लागते. ती एक आण आहे. पण ती शोभूनही दिसावी असं वाटणाऱ्या माळकऱ्याची भक्ती पातळ आहे, असं मी मानत नाही. कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर उपरणं टाकून, फेट्याचा तुरा पुन्हापुन्हा सारखा करणारे कीर्तनकार कुणी पाहिले नाहीत?

आता एक अडचण. घरच्या स्वयंपाकाची स्तुती करणारे लेख बहुधा वाढलेल्या ताटावर बसून लिहिले जातात, हाही त्याला अपवाद नाही. मांडे खाणारे तीन भाऊ आणि करणारी एक बहीण. मात्र हीच मुक्ताई ताटी लावून रुसलेल्या ज्ञानदेवाला चार शब्द सुनावणारी आहे, हे विसरायला नको. आणि जनाबाईच्या कथेत विठ्ठल स्वतः जात्याच्या खुंट्याला हात लावतो, म्हणजे दळण हे ओझं आहे आणि ते वाटून घ्यावं लागतं, हे देवालाही कळलं होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत आळंदी आणि इंद्रायणी पुन्हापुन्हा येतात. पहाटेच्या अंधारात पायलीभर धान्य पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईने या गावाचं नाव घेत हात चालता ठेवला. जातं गेलं याची हळहळ जात्यावर न बसलेल्यांनीच जास्त केली. गिरणी आली, मिक्सर आला, बरं झालं. ज्या घरात नवराबायको दोघंही पाळीवर जातात तिथे भाताचा कुकर कोणी लावायचा हा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि त्याचं उत्तर ज्या घरात निघालं तिथेच रविवारच्या पुरणपोळीला सुख म्हणता येतं. बाकीच्या घरांत ती पाळीनंतरची आणखी एक पाळी असते.

अमळनेरच्या त्या बाईंना अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या आखाजीला, मांडे करायचेच होते. खापर स्वयंपाकघरातल्या गॅसवर नीट तापेना, म्हणून त्यांनी गच्चीवर विटांची चूल मांडायचं ठरवलं. इमारतीच्या समितीने आधी नकार दिला: धूर होतो, वॉटरप्रूफिंग खराब होतं, आज यांना दिलं तर उद्या सगळे मागतील. दोन बैठका झाल्या. नवरा रात्रपाळी करून दुसऱ्या बैठकीला जांभया देत बसला होता. शेवटी परवानगी मिळाली, विटांखाली पत्रा ठेवायच्या अटीवर, सकाळी दहा ते एक, आणि त्या वेळात इतर सभासदांनी गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत अशी सूचना फलकावर लागली. साडेबाराला सेक्रेटरी पाहणीला म्हणून वर गेले. येताना त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार मांडे होते, आणि आमरस खाली डब्यात पाठवा, असं ते जिन्यातून ओरडून सांगत होते.